बारीला उतरलेली बॅटरी

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी बॅटरीवरची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, घेऊन आलो, तेव्हा वखारीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "किती वेळ चालते?" घेताना मीही तेच विचारलं होतं. लाकूडतोडीच्या शर्यतीपुरता हा प्रश्न बिनकामाचा आहे, हे मला मामाने दाखवलं. आणि मामाला चेनसॉमधलं ओ की ठो कळत नाही.

मामा खेड तालुक्यातला, बैलगाडा शर्यतीचा नाद असलेला. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला तिकडे घाट म्हणतात आणि तिच्यावरच्या एका धावेला बारी. माझा नाद लाकूडतोडीच्या शर्यतींचा, तोही फोनवर बघण्यापुरता. स्टिल या करवतीच्या कंपनीची टिंबरस्पोर्ट्स ही स्पर्धा 1985 पासून चालू आहे. तिच्यात कुऱ्हाडीचे तीन प्रकार, हातकरवतीचा एक आणि इंजिनाच्या करवतीचे दोन. 'स्टॉक सॉ'त सगळ्यांना सारखीच करवत, 91 सीसीची. ती जमिनीवर फुरफुरत असते आणि गड्याचे दोन्ही हात ओंडक्यावर. इशारा झाला की उचलायची, एक चकती वरून खाली, दुसरी खालून वर. 'हॉट सॉ' म्हणजे घरी बनवलेला राक्षस. कुणी तर बर्फावरच्या स्कूटरचं इंजिन बसवतं. ही करवत मात्र बंद असते. दोरी ओढायची, इंजिन पेटवायचं आणि सहा इंचांच्या आत तीन चकत्या पाडायच्या. पट्टीचे गडी हे पाच-सहा सेकंदांत उरकतात.

मामाने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "ही तर बारीच झाली की! घाटात पळणाऱ्या बैलाला कुणी विचारतं का, दिवसभर नांगर ओढशील का म्हणून?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. बॅटरीत साठा किती, हे बागवाल्याने बघावं. दहा सेकंदांच्या खेळात ती एका दमात किती करंट सोडते, एवढंच बघायचं. 36 व्होल्टच्या करवतीला 3 किलोवॉट ताकद हवी, तर ऐंशीच्या वर अँपियर ओढावे लागतात. घरातला गीझर साधारण दहा-पंधरा घेतो. एवढं ओढलं की सेल तापतात, व्होल्टेज बसतं आणि आतलं सर्किट हात आखडता घेतं. स्टॉक सॉची ती 91 सीसीवाली 5.4 किलोवॉट देते. म्हणजे गाठ सोपी नाही.

मामाच्या बांधावर वादळात पडलेली सुबाभूळ होती. एका रविवारी वखारीतला आमचा कारागीर त्याची जुनी पेट्रोल करवत घेऊन आला. ओंडका फूटभर जाडीचा, चकत्या दोन, वेळ फोनवर. इंजिन चालू ठेवून सुरुवात केली, तर त्याला सोळा सेकंद, मला एकोणीस. माझी साखळी लाकडाला भिडताना जोरात, पण बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, निम्मा आत गेला की आवाज खाली येतो आणि वेग पडतो. मी वरून दाब दिला तर आणखी पडला. कानस मारून घेतली असती तर सेकंदभर वाचला असता, पण आळस.

मग हॉट सॉसारखं, बंद करवतीपासून. मला पुन्हा एकोणीसच, कारण बॅटरीला 'चालू करणं' असा वेगळा सोहळाच नसतो. त्याची तिसऱ्या ओढीला पेटली. सत्तावीस सेकंद! मामा मांडी थोपटून हसला. कारागीर काही हसला नाही.

तिसऱ्या खेपेला माझी करवत तापून गपगार झाली, तेही नोंदवतो. आणि एक गाढवपणाही. आवाज थांबला म्हणून मी साखळीत अडकलेला भुसा बोटाने काढायला गेलो. मामा ओरडला, "आधी ती बॅटरी काढ!" पेट्रोलची करवत फुरफुरून सांगते की मी जागी आहे. ही सांगत नाही. हेल्मेट आणि जाड बूट घालून गेलेला मी, अक्कल वखारीत ठेवून आलो होतो.

हॉट सॉचा नियम एका सिलिंडरच्या इंजिनाचा, त्यामुळे बॅटरीला तिथे आज दारच नाही. मला वाटतं, वेगळा गट करावा आणि बॅटरीच्या वजनाला मर्यादा घालावी. ड्रोनवाले वापरतात तसल्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या एका दमात भरमसाट करंट सोडतात. बागेत त्यांचा फारसा उपयोग नाही, बारीला मात्र खासा बैल. आवाजाची मजा जाईल, हे कबूल. मामाला तेवढंच खटकलं, "हलगीशिवाय घाट कसला?"

कारागीर अजून धुसफुसतोय, आणि त्याचं खरं आहे. हॉट सॉत आधी इंजिन गरम करायला वेळ देतात, मी दिला नव्हता. पुढच्या रविवारी त्याला मिनिटभर देणार आहे. सुबाभळीचा बुंधा अजून शिल्लक आहे.