ठिपका खाडीतून कड्यावर आला

फिलिपिन्सच्या मारिंदुके बेटावरचा तो ठिपका अखेर पाण्याबाहेर आला! दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथे खजिना लपवला असं म्हणतात, आणि त्याच्या गुहेची खूण दाखवणारा एक हातनकाशा ‘१९४५ चा मूळ कागद’ म्हणून आपल्याकडे आलाय. मागच्या नोंदीत दिलेल्या त्या हातनकाशावर अक्षांश-रेखांश स्वच्छ लिहिलेत, पण उपग्रहचित्रावर टाकले की गुहेची खूण खाडीत पडायची. (गावाचं नाव ठरल्याप्रमाणे इथेही नाही; उगाच कुणी कुदळ घेऊन पोचायला नको.) त्यावरूनच ‘जपान्यांनी खजिन्याच्या पेट्या पाण्यात सोडल्या’ ही थिअरी आपल्यात रुजली. मला ती कधीच पटली नव्हती, कारण हातनकाशात खुणेभोवती कड्याच्या रेघा आहेत.

घोळ डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्याचा. फिलिपिन्सचे जुने अमेरिकी नकाशे लुझोन १९११ डेटमवर, क्लार्क १८६६ लंबगोलावर (लंबगोल म्हणजे पृथ्वीचा मानलेला आकार). आपले फोन डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जीपीएसच्या डेटमवर. जुने आकडे तसेच टाकले तर इथे खूण खऱ्या जागेच्या वायव्येला साधारण २०० मीटरवर पडते. आणि या डेटमचा आरंभबिंदू आहे बालानाकानला, म्हणजे याच बेटावर!

एवढं कळूनही ठिपका हलेना. स्कॅनसोबतच्या प्रोजेक्शन फाइलमध्ये नुसता लंबगोल होता, डेटम नाही. त्यामुळे क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर ‘बॉलपार्क’ रूपांतर करायचं, म्हणजे आकडे होते तसेच ठेवायचं. शेवटी ईपीएसजी ४२५३ (लुझोन १९११ चा सांकेतिक क्रमांक) स्वतः नेमून दिला आणि मिंडानाओ बेट वगळून उरलेल्या फिलिपिन्सचं रूपांतर निवडलं (मिंडानाओचे आकडे वेगळे आहेत, जपून). पडताळ्याला नदीमुखं घेऊ नका, ती सरकतात; खडकाळ भूशिरं आणि डोंगरमाथे घ्या. भूशिरं एकमेकांवर बसली आणि खूण थेट चुनखडीच्या कड्यावर गेली. ती लेयर मी कितीतरी वेळ नुसती चालू-बंद करून बघत होतो.

डेटम न विचारता आकडे गिळणाऱ्या फोन अॅप्सवर या कामात विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. आणि ‘दोन किलोमीटरवरून सोनं दाखवणारी’ यंत्रं तर शुद्ध फसवणूक.

पुढे गुहेचे फोटो मिळवायचे आणि दगडावरच्या बाणांची खजिना शोधणारे वापरतात त्या खुणांच्या तक्त्याशी तुलना करायची, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वेगळं सुचलंय. आकडे लुझोन डेटमवर इतके चपखल बसतात, तर हातनकाशा काढणाऱ्यापुढे छापील नकाशा होता. कुठला? युद्धात जपान्यांनीही अमेरिकी नकाशांच्या प्रती काढल्या होत्या, तेव्हा सैनिकाचा हात अजून शक्य आहे. पण अमेरिकी सैन्याच्या आर्मी मॅप सर्व्हिसचे १:५०,००० नकाशे युद्धानंतरच्या हवाई फोटोंवरून झाले. हातनकाशातला एखादा रस्ता किंवा वाडीच्या नावाचं स्पेलिंग फक्त त्यांतच सापडलं, तर ‘१९४५ चा मूळ कागद’ हा दावा संपला. मग १९७१ ला फिलिपिन्समधल्या बागियोत रोहेलिओ रोहास या खजिना शोधणाऱ्याला सोन्याचा बुद्ध मिळाल्याची बातमी पसरल्यावर खजिन्याचे जे नकाशे विकले जाऊ लागले, त्यांतलाच हा असेल.

म्हणून गुहा आता बाजूला. तशीही नॅशनल म्युझियमच्या परवान्याशिवाय तिथे कुणी खोदू नये. ज्यांच्याकडे मारिंदुकेच्या १:५०,००० शीटचा चांगला स्कॅन असेल, त्यांनी कृपया समासासकट पाठवा. प्रकाशनाचं वर्ष आणि डेटमची ओळ समासातच असते.