माझा अनुभव: हंप, चोर्ला घाट आणि तीन सेडान

नवी सेडान घ्यायची म्हणून मी तीन गाड्या चालवून बघितल्या. टेस्ट ड्राइव्हला बसण्याआधी मी चारही टायरांतली हवा मोजायला लागलो, ते दुसऱ्या गाडीपासून. पहिली डेमो गाडी खड्ड्यांत दणकत होती आणि मी ते सस्पेन्शनच्या माथी मारून मोकळा झालो होतो. परत गेलो तेव्हा गेज लावून बघितलं: चारही टायरांत ४२ पीएसआय. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर त्या गाडीसाठी ३३ चा आकडा छापलेला होता. डेमो गाड्या दिवसचे दिवस उभ्या असतात, टायरला चपटेपणा येऊ नये म्हणून हवा जास्त भरून ठेवतात आणि चालवायला देताना कमी करायची कुणाला आठवण राहत नाही. ३३ वर आणल्यावर तीच गाडी हंपावरून निम्म्या आवाजात उतरली. म्हणून गेज खिशात ठेवा, हवा टायर थंड असताना मोजा आणि कंपनीच्या आकड्यावर आणूनच निघा. वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर टायर तापून तीन-चार पीएसआय आपसूक वाढतात. तो वाढीव आकडा बघून मध्येच हवा सोडू नका.

माझ्या यादीत तीन गाड्या होत्या: मर्सिडीजची सी-क्लास, बीएमडब्ल्यूची लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) ३ सिरीज आणि ऑडीची ए४. तिन्ही आपल्याकडेच जोडल्या जातात, चाकणला, चेन्नईजवळ आणि छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला. कागदावर त्या एकाच पंक्तीत बसतात, पण यंत्रणा बघितली की वाटा वेगळ्या होतात. सी-क्लास आणि ३ सिरीज मागच्या चाकांवर चालतात. भारतात विकलेली ए४ पुढच्या चाकांवर चालते आणि तिचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बसवलेलं आहे. तिन्हींचे गिअरबॉक्स ऑटोमॅटिक: बीएमडब्ल्यूला आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून पोचवणारा), मर्सिडीजला नऊ गिअरचा, ऑडीला सात गिअरचा ड्युअल क्लच (आलटून पालटून काम करणारे दोन क्लच). ताकदीचे आकडे असे (न्यूटन मीटर म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर): ३ सिरीजची ३३० एलआय पेट्रोल २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर, सी २२० डी डिझेल २०० हॉर्सपॉवर आणि ४४० न्यूटन मीटर, ए४ पेट्रोल २०४ हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन मीटर. हे आकडे शोरूममध्ये ऐकून सोडून द्यायचे नसतात. घाटात त्यांचा अर्थ कळतो, ते पुढे सांगतो.

बेळगावच्या माणसाची पहिली अडचण म्हणजे डेमो गाडी बहुधा बाहेरगावाहून येते. सेल्समन दुपारी दोन तासांसाठी गाडी आणतो, कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यांवर एक फेरी मारू देतो आणि परत निघतो. त्या फेरीत तिन्ही गाड्या सारख्याच छान वाटतात. मी प्रत्येकाला मेसेजवर लेखी कळवलं: अर्धा दिवस पाहिजे, रस्ता हा असेल, तेल माझं. दोघे लगेच तयार झाले, तिसऱ्याकडे तीनदा तगादा लावावा लागला. गाडी कुठलीही असो, रस्ता तोच, वेळ तीच आणि गाडीत माणसंही तेवढीच. नाहीतर तुलना होत नाही, नुसती हौस होते.

रस्त्याचे तुकडे मी असे पाडले: शहरातली गर्दी आणि उड्डाणपूल, काकतीपासून वंटमुरी घाटावरून हत्तरगीपर्यंतचा हायवे, आणि जांबोटी-कणकुंबीकडून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट.

शहरात बघायचं ते गिअरबॉक्सचं वागणं. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या इंच इंच सरकत असताना ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी कशी उचलते ते बघा. टॉर्क कन्व्हर्टर पाण्यासारखा सरकतो. ड्युअल क्लच अर्धा क्षण विचार करून मग निघतो, आणि अशी सरकासरकी फार वेळ चालली तर क्लच तापतो. हा दोष नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे. हायवेवर तोच ड्युअल क्लच फार चपळ गिअर टाकतो. पण तुमचं रोजचं येणं-जाणं टिळकवाडी ते खडेबाजार असेल तर हा अर्धा क्षण दिवसातून शंभर वेळा येणार आहे. उलट्या गिअरमध्ये चढावर गाडी हळू मागे घ्यायलाही सांगा. घराच्या फाटकातला रॅम्प चढताना तेच करावं लागतं.

आता हंप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे. आपल्या गावांच्या वेशीवरचे हंप त्याच उंचीचे असले तरी रुंदीला हात-दीड हात असतात, आणि गाडी घासते ती त्यामुळे. नुसता ग्राउंड क्लिअरन्स बघून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं की पोट हंपाच्या माथ्याला जास्त जवळ येतं. लांब ३ सिरीजचा व्हीलबेस २,९६१ मिलिमीटर, सी-क्लासचा २,८६५ आणि ए४ चा २,८२०. ब्रोशरमधला क्लिअरन्स गाडी रिकामी असतानाचा असू शकतो. म्हणून चार मोठी माणसं आणि डिकीत दोन भरलेल्या बॅगा घेऊनच हंपावर जा, आधी सरळ, मग तिरके. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक डेमो गाडीला केली. खाली सतरंजी टाकली, आडवा झालो आणि मोबाइलची टॉर्च मारून पोट बघितलं. खालच्या काळ्या प्लास्टिकच्या आवरणावर पांढरे ओरखडे नेमके कुठे आहेत, पुढच्या ओठाला की मधोमध, हे दिसतं. ती गाडी कशावर आणि कुठे घासते हे तिथं लिहिलेलंच असतं, सेल्समनला विचारायची गरज पडत नाही.

टायरच्या मापाकडे लोक रुबाब म्हणून बघतात. मी भिंतीची उंची म्हणून बघतो. २२५/५० आर १७ मध्ये रबराची भिंत ११२ मिलिमीटर आहे, २२५/४५ आर १८ मध्ये १०१. हे ११ मिलिमीटर पाऊस संपल्यानंतरच्या ऑक्टोबरात जाणवतात, खड्ड्याच्या कडेला रिम वाकते की टायर सोसून नेतो ते तिथं ठरतं. एकाच मॉडेलची १७ आणि १८ इंची अशी दोन रूपं मिळत असतील तर मी १७ इंचीच सुचवीन. रन-फ्लॅट टायर असेल तर पंक्चरनंतर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण त्याची भिंत कडक असते आणि बारीक खड्डे अंगाला जास्त लागतात. शिवाय पंक्चर मोठं झालं तर तो टायर बदलावाच लागतो. बेळगावात तो साइज आजच्या आज मिळेल का, हे मी गाडी ठरवण्याआधी तीन टायरवाल्यांना फोन करून विचारलं. स्टेपनी आहे का, असली तर डिकीत कुठे बसते, आणि ती ठेवून आपली मोठी बॅग मावते का, हेही बॅग नेऊन बघा.

वंटमुरीच्या उतारावर आणि पुढच्या सपाटीवर मी ८० आणि १०० या दोनच वेगांना आवाज ऐकला. मोबाइलवरचं डेसिबल ॲप खरा आकडा सांगत नाही, पण त्याच मोबाइलनं, त्याच जागी, तिन्ही गाड्यांत मोजलं तर कमी-जास्त कळतं. ए४ तिथं सगळ्यांत शांत वाटली. सी-क्लास मऊ, पण लांब लाटेसारख्या उंचवट्यावर मागची बाजू वर-खाली एक झोका जास्त घेते. ३ सिरीजचं स्टीअरिंग मधल्या जागी घट्ट बसतं, बोटभरही दुरुस्ती करावी लागत नाही.

खरी पारख चोर्ल्याला झाली. वळणं एकामागून एक, कुठे चढ, कुठे वळणाच्या पोटातच खड्डा, झाडीतून ठिबकणाऱ्या पाण्यानं डांबर सावलीत ओलं. तिथं शर्यत करायची नाही. प्रत्येक वळणात ताशी ३०-३५ नं शिरायचं आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायचा. ए४ मध्ये चढाच्या वळणावर तोंड किंचित बाहेर जायला बघतं, स्टीअरिंग आणखी थोडं वळवावं लागतं. कारण उघड आहे: वळवायचं आणि ओढायचं ही दोन्ही कामं पुढचीच चाकं करतात, वर इंजिनाचं वजन त्यांच्याही पुढे आणि चढामुळे भार मागे गेलेला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोघींत हात मोकळा राहतो, मागून कुणी अलगद ढकलल्यासारखी गाडी बाहेर येते. ओल्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटीचा दिवा लुकलुकतो का, आणि लुकलुकताना ताकद झटक्यानं कापली जाते की हळूच, हेही बघून ठेवा. ३३० इथं मनापासून आवडली. वळणातल्या खड्ड्यावरही तिची रेघ सुटली नाही.

डिझेलचा ४४० न्यूटन मीटरचा अर्थ इथंच कळला. सी २२० डी ला चढावर गिअर खाली टाकावाच लागत नव्हता, इंजिनाच्या मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर चार माणसं घेऊन ती शांतपणे चढत होती. पेट्रोल गाडी तिथं गिअर खाली टाकते आणि इंजिन बोलायला लागतं. ज्याला ते बोलणं आवडतं त्यानं पेट्रोलच घ्यावं. उतारावर मात्र तिन्हींत स्टीअरिंगमागच्या पॅडलनं दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा. डी मध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरलं की खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास येतो.

मागच्या सीटची परीक्षा ड्रायव्हरला देता येत नाही. मधल्या आर्मरेस्टवर मी अर्धी भरलेली पारदर्शक पाण्याची बाटली उभी ठेवली आणि मागे बसलेल्यांना पाणी बघायला सांगितलं. आडवं हिंदकळलं तर गाडी कलते, वर-खाली उसळलं तर सस्पेन्शन नाचतं. घाटात मळमळ या दोन्हींनी होते, पण वयस्कर माणसांना वर-खाली उसळण्याचा त्रास जास्त. लांब ३ सिरीजमध्ये पायांना सगळ्यांत जास्त जागा आहे. तरी घरातल्या ज्येष्ठांना प्रत्येक गाडीत दोनदा बसवून दोनदा उठवा. खाली बसणं सोपं असतं, गुडघ्यावर भार देऊन उठणं नाही. पाचव्या माणसाचा विचार तिन्हींत सोडा. ए४ पुढच्या चाकांवर चालत असली तरी मधला उंचवटा तिच्यातही आहे, कारण त्याच साच्यावर क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांवर चालणारी ए४, बनते.

डिझेलबाबत एक इशारा. बीएस ६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती साफ व्हायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं सलग बऱ्या वेगात पळावी लागते. रोज उद्यमबागपर्यंत पाच-सहा किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची जाळी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपला न्यावं लागतं. माझं महिन्याला दोनदा गोवा आणि एकदा पुणं ठरलेलं आहे, म्हणून मला ती अडचण नव्हती. पेट्रोल घेणाऱ्यानं टाकीच्या झाकणामागचं ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) लेबल बघून घ्यावं.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो, पण सीमेवर राहणाऱ्यांचं चुकतं ते इथंच. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे ६० लाखांच्या गाडीला जवळजवळ १२ लाख. महाराष्ट्रात पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के. मग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच ०९ घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे तुमची राहती किंवा धंद्याची जागा ज्या राज्यात आहे आणि गाडी एरवी जिथं ठेवली जाते, त्याच राज्यात ती नोंदवायची असते, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. तपासणीत अडवलं की कर भरावा लागतो तो वेगळाच. मी केए २२ घेतला. एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) शोरूमवाले घेतात, तो आयकर विवरणात वळता होतो, त्याला खर्चात धरू नका. विमा शोरूमचाच घ्यायला हवा असं नाही. मी बाहेरून कोटेशन आणल्यावर त्यांनी आपलं खाली आणलं. झीरो डेप्रिसिएशनसोबत (सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई) इंजिन संरक्षण आणि टायर-रिमचं कवच आपल्या पावसाला आणि खड्ड्यांना लागतंच. ए४ बघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २०२४ मध्ये ऑडीनं परदेशात तिची जागा नव्या ए५ ला दिली आहे, तेव्हा भाव त्या हिशेबानं घासून घ्या.

मी सी २२० डी घेतली, १७ इंची चाकांवर. स्वतः एकटाच चालवणारा असतो तर ३३० सोडली नसती.

ताबा घेण्याआधी गाडी धुवायच्या आत बघा, पॉलिशखाली ओरखडे लपतात. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरांचे आकडे जवळपास सारखे पाहिजेत. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, ते पैसे पूर्ण भरण्याआधी मागून घ्या. या गाड्यांची चाकं नटनं नाही, बोल्टनं बसतात, आणि काहींत प्रत्येक चाकाला एक कुलुपाचा बोल्ट असतो. त्याची छोटी चावी डिकीतल्या टूल किटमध्ये आहे याची हातात घेऊन खात्री करा. ती नसली तर जांबोटीचा पंक्चरवाला कितीही हुशार असला तरी चाक काढू शकणार नाही.