जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात फर्स्ट एडिशन कशी ओळखायची : जाणाऱ्यांसाठी थोडं

गेल्या शनिवारी जुन्या पुस्तकांच्या मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आलो, सोबत एक मित्र होता जो मॉडर्न कादंबऱ्यांच्या फर्स्ट एडिशन्स, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईच्या प्रती जमवतो. तुम्ही जाणार असाल तर दार उघडतानाच पोचा, कारण उशीर केलात तर विक्रेतेच एकमेकांच्या स्टॉलवरून चांगला माल उचलून मोकळे झालेले असतात. छोटं भिंग आणि टॉर्च खिशात हवंच.

पुस्तक हातात आलं की आधी टायटल पेजच्या मागचं कॉपीराइट पेज. तिथे १० ते १ अशी आकड्यांची ओळ असेल तर त्यातला सगळ्यात लहान आकडा बघायचा, तो १ असेल तर पहिली छपाई, मग ओळ सरळ असो की १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी वेडीवाकडी. पण प्रत्येक प्रकाशकाची तऱ्हा वेगळी. रँडम हाउसने बरीच वर्षं ‘फर्स्ट एडिशन’ असं छापून ओळ २ पासून सुरू केली, आणि दुसऱ्या छपाईला फक्त ते शब्द काढले! स्क्रिब्नर्सकडे १९३० पासून बरीच वर्षं पहिल्या छपाईच्या कॉपीराइट पेजवर नुसतं ‘ए’ हे अक्षर असायचं. त्यामुळे प्रकाशकांच्या खुणांची यादी मोबाईलमध्ये टाकूनच निघा.

सगळ्यात जास्त फसवतात बुक क्लबच्या, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या स्वस्त प्रती. आत ‘फर्स्ट एडिशन’ लिहिलेलं असू शकतं, जॅकेटही (वरचं सुटं कागदी वेष्टन) तेच दिसतं. मित्राने एक प्रत उलटी धरली आणि मागच्या पुठ्ठ्यावर, खाली कण्याजवळच्या कोपऱ्यात बोट फिरवायला लावलं, तिथे बारीकसा गोल खड्डा लागला, रंग नाही काही नाही, नुसता दाबलेला. प्रत हलकी, कागद पातळ, जॅकेटच्या फ्लॅपवर (आत दुमडलेल्या भागावर) किंमतच नाही. म्हणजे बुक क्लबचीच, ठेवली परत. फ्लॅपचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती हे कळत नाही, तेव्हा हा खड्डा आधी चाचपायचा.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाबद्दल तर प्रत्येक स्टॉलवर कोणीतरी विचारतच होतं. १९९७ची ब्लूम्सबरीची पहिली हार्डबॅक छपाई ५०० प्रतींची, ५३व्या पानावरच्या यादीत ‘१ वाँड’ (जादूची छडी) चुकून दोनदा आलंय. पण ती चूक पुढच्या काही छपायांतही आहे, म्हणून नुसती चूक बघून उड्या मारू नका, ओळीत १ आहे का आणि कॉपीराइटला ‘जोॲन रोलिंग’ आहे का तेही बघा.

माझ्या मते खरी मारामारी जॅकेटची. तेच पुस्तक जॅकेटशिवाय असेल तर संग्राहक ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे नंतरच्या छपाईचं जॅकेट पहिल्या छपाईवर चढवून विकणारेही आहेत. जॅकेटच्या मागच्या बाजूला त्याच पुस्तकाची वर्तमानपत्री परीक्षणं छापलेली दिसली तर संशय घ्यायचा, कारण ती पुस्तक आल्यावरच लिहिली जातात ना! हल्ली नवीन छापलेली नकली जॅकेट्सही मिळतात, भिंगातून अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसल्या तर बहुतेक तेच.

घेताना बिलावर ‘फर्स्ट एडिशन, फर्स्ट प्रिंटिंग’ आणि जॅकेट मूळचं असल्याचं लिहून घ्या. जो विक्रेता लिहून द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून घेऊच नका. आणि जॅकेट थोडं फाटलेलं असेल तर घरी आणून त्यावर सेलोटेप लावू नका प्लीज, मायलरचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक फिल्मचं कव्हर घाला.