लिंक रॉड बदलले, खडखड गेली, ‘टक’ उरला

गाडी: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असलेली पेट्रोल हॅचबॅक. तक्रार: पुढे डावीकडून खडखड, ताशी २०-३० च्या आसपास. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला पेव्हर ब्लॉक लागले की हमखास, वर हायवेला काहीच नाही.

गाडी उचलण्याआधी रस्त्यावरच बरंच कळतं. स्पीडब्रेकर सरळ ओलांडताना दोन्ही चाकं एकदम वर जातात, स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी आधारात, नुसता फिरतो आणि त्याची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या लिंकवर (लिंक रॉडवर) फारसा जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो आणि तो झटका लिंक खाते. म्हणजे ब्रेकर सरळ घेतला तर शांत, तिरका घेतला तर खडखड, असं असेल तर आधी लिंक बघायची. दोन्ही वेळा जाड ‘धप्प’ येत असेल तर माउंट (स्ट्रटचा वरचा रबरी आधार), लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, शॉकअप बघायचे. इथे सरळ सरळ पहिला प्रकार.

एक फुकटची चाचणी आधी उरकली: खडखड चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवायचा. आवाज थांबला तर सस्पेन्शनच्या नादी लागू नका, ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना आणि पॅडच्या क्लिपा बघा. इथे फरक पडला नाही.

आता लिंक. गॅरेजमध्ये बहुतेकदा एकच बाजू जॅकवर घेतात, लिंक हाताने हलवतात आणि ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. एक चाक लटकलं की बार पिळलेला राहतो, लिंकचा बॉल एका बाजूला दाबून बसतो आणि खिळखिळी लिंकसुद्धा घट्ट लागते. तपासणी दोन्ही चाकं जमिनीवर असताना करा, नाहीतर दोन्ही बाजू स्टँडवर घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागे हात जातो. डाव्या लिंकचा वरचा बॉल हाताला टकटकत होता, रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी लाल गंज.

तरी खात्री केलेली बरी. दोन्ही लिंक काढल्या, बार कुठे आपटत नाही ना ते पाहिलं आणि त्याच पट्ट्यावरून गाडी हळू नेली: खडखड बंद. बार सुटा असताना गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे हा प्रयोग गल्लीपुरताच, गायमुखच्या घाटात नाही.

नट काढताना आतला बोल्टच सोबत फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की ची खाच असते, ती धरून नट पान्याने फिरवायचा. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. खाच गोल झाली तर ग्राइंडरने नट कापणं हाच मार्ग, आणि रबर बाजूलाच असतं. लिंक जोडीनेच बदला, नायलॉनवाला नट परत वापरू नका. एवढ्यासाठी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही, कोणी गळ्यात मारलं तर सरळ नाही म्हणा.

खडखड गेल्यावर दुसरा आवाज उघडा पडला: गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवलं की एक ‘टक’. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून तळवा लावायचा (बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत). डावी स्प्रिंग आधी अडते, मग उडी मारते. हे वरच्या स्ट्रट बेअरिंगचं लक्षण. टायरॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) असता तर झटका तिथे हाताला लागला असता.

पुढचं काम: माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबर) आणि डस्ट कव्हर, सगळं दोन-दोन. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय मधल्या नटाला हात लावायचा नाही, दाबातली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. हे काम चांगला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजकडेच. स्ट्रट नकलपासून (चाकाचं हब धरणाऱ्या भागापासून) सोडवल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलू शकतो, म्हणून बोल्टांवर रंगाची खूण करायची आणि या वेळी अलाइनमेंट नक्की.

लोअर आर्मच्या मागच्या बुशला बारीक चिरा आहेत, अजून फाटलेला नाही. बदलायची वेळ आली तर त्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. चाक लटकलेलं असताना आवळले तर खाली उतरवताच रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो.