तुपाची बरणी आणि कलम ४०

बरणी तपासायला जमा होईपर्यंतच माझे अकरा दिवस गेले, तेही एका प्रश्नापायी. "घेतानाच दुकानदाराला सांगितलं होतं का?"

बरणीवर ठळक अक्षरांत 'शुद्ध गाईचं तूप' आणि झाकण उघडलं की वनस्पती तुपाचा वास. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधलं कलम ४० मी वाचलेलं होतं, आणि त्याचा मला कोण अभिमान! ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. एवढं वाचून मी थांबले होते. खालचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, वाचलंच नाही. बरणी पिशवीत घातली आणि जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा कार्यालयात जाऊन उभी राहिले.

खिडकीतल्या साहेबांनी बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. वरचा प्रश्न विचारला. मला वाटलं, थट्टा करताहेत.

"काय सांगायचं?"

"की हे तपासायला नेणार आहे म्हणून."

म्हणजे चोराला वर्दी देऊन मग धाड घालायची! मी वाद घातला. त्यांनी शांतपणे पुस्तक फिरवून माझ्यासमोर ठेवलं. तसंच लिहिलं होतं. "आणि मॅडम, बरणी फोडलेली आहे. घरी यात काही मिसळलं नाही कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे राग दुप्पट आला.

परत दुकानात. "दादा, या तुपाची एक बरणी द्या. तपासायला देणार आहे बरं का." बरणीकडे गेलेला हात तिथेच थांबला. "ताई, तो माल संपला." मागे फळीवर नऊ बरण्या, मी मोजल्या. त्या म्हणे ऑर्डरच्या. चार दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा ऑर्डरच्याच.

तिसऱ्या खेपेला डोकं चाललं. कायद्यात 'खरेदीच्या वेळी' सांगायचं आहे, खरेदीआधी नव्हे. पैसे दिले, बिल हातात घेतलं आणि बरणी काउंटरवर असतानाच दोन प्रतींतलं पत्र पुढे केलं. सही द्यायला त्यांनी साफ नकार दिला. पण शेजारच्या काकूंना मी साक्षीला नेलंच होतं, पत्रावर त्यांची सही घेतली. या युक्तीचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

बिल मात्र घ्याच. त्यावर दुकानदाराचा अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा, जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कोणाचा आहे ते दिसतं. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी.

फी, सील, पावती सगळं वीस मिनिटांत उरकलं.

अहवाल आला आणि मी खजील झाले. तूप मानकांत बसत होतं! बसत नव्हतं ते लेबल. बॅच क्रमांक नाही, शाकाहारी पदार्थाची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण नाही. शेरा: मिथ्याछाप, म्हणजे लेबल नियमांत न बसणारं. वीस वेळा वास घेतला असेल मी त्या बरणीचा, पण लेबल एकदाही धड वाचलं नव्हतं. असा शेरा असला की अहवाल पुढच्या कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. मिथ्याछाप अन्नासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: नुसती तक्रार केली तरी चालतं. मग अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात, त्याचे चार भाग करून सील करतात आणि तपासणीची फी आपल्याला पडत नाही. ही माहिती मला त्याच खिडकीतून, अहवाल घ्यायला गेले त्या दिवशी, अगदी गोड आवाजात मिळाली.

अहवाल मालाच्या विरुद्ध गेला तर ग्राहकाला फी परत मिळते. तसा अर्ज दिलाय. मूळ पावती मागितली, तीही दिली. झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती.