छातीवरची चार बोटं जागा

माझ्याकडे एक टी-शर्ट आहे. त्याचं कापड घाम टिपून अंग कोरडं ठेवतं, असं त्याच्या लेबलवर लिहिलं होतं. गेली चार वर्षं तो मी पेपर वाचताना घालतो. पेपर वाचताना मला घाम येत नाही (अग्रलेखाला कधीतरी येतो), त्यामुळे कापडाच्या गुणांना अजून वाव मिळालेला नाही. घेतला तेव्हा कापडाकडे माझं लक्षच नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर छतापर्यंत पोचणारा एक फोटो होता, आणि त्यात एक धावपटू चक्क हवेत होता. दोन्ही पाय जमिनीच्या वर. मी खाली एका पायावर भार देऊन उभा, कारण दुसरा गुडघा कुरकुरतो. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला, चार बोटं जागेत जी खूण होती, तीच हँगरवरच्या टी-शर्टवर होती. आम्हा दोघांत तेवढंच काय ते साम्य. तेवढं पुरलं.

या चार बोटं जागेची गोष्ट एका पैजेपासून सांगता येते. 1923 साली रने लाकोस्त हा फ्रेंच टेनिसपटू डेव्हिस कपसाठी अमेरिकेत गेला होता. सामना जिंकलास तर मगरीच्या कातडीची बॅग घेऊन देईन, असं त्याच्या कप्तानानं कबूल केलं. लाकोस्त हरला. बॅग गेली, पण पत्रकारांनी त्याला मगर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. एका मित्रानं मगरीचं चित्र काढून दिलं, ते त्यानं कोटावर भरून घेतलं. टेनिस तेव्हा लांब बाह्यांच्या, ताठ कॉलरच्या शर्टात खेळलं जायचं. लाकोस्तनं स्वतःच्या सोयीसाठी आखूड बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा शर्ट करून घेतला, आणि 1933मध्ये एका होजिअरीवाल्याला हाताशी धरून तो विकायलाही काढला. छातीवर मगर. तोवर कपडे करणाऱ्याचं नाव साधारण गळ्याच्या आत शिवलेलं असायचं, मानेला टोचायचं आणि धोब्याखेरीज कुणाला दिसायचं नाही. ते आता बाहेर येऊन छातीवर बसलं.

फ्रेड पेरीचीही अशीच कथा. 1934 ते 1936 लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डन जिंकलेला हा गडी पाइप ओढायचा, आणि आपल्या शर्टवर पाइपच असावा अशी त्याची इच्छा होती, असं सांगतात. मुलींना आवडणार नाही म्हणून भागीदारानं ती मोडून काढली आणि 1952मध्ये शर्ट आला तो पानांचं जयचिन्ह लावून. भागीदार शहाणा होता. छातीवर पाइप घेऊन मी तरी पेपर वाचला नसता.

या दोघांबद्दल मला आदर आहे तो याच कारणानं की शर्टही त्यांचा होता आणि खेळही. पुढे खेळाडू वेगळा आणि शर्ट वेगळा झाला. दोघांचं लग्न लावायला करार आला.

आणि तरीही आपण भुलतो. त्याला पैसे मिळाले म्हणून तो तो शर्ट घालतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग नटाच्या अंगावरचा शर्ट आणि खेळाडूच्या अंगावरचा शर्ट यांत फरक का वाटावा? मला वाटतं, फरक घामाचा आहे. नटाचा घाम कुणीतरी फवारलेला असतो आणि त्याचं पडणं तीनदा तालीम करून बसवलेलं असतं. खेळाडूला मात्र आपण खरोखर हरताना पाहिलेलं असतं. शेवटचा गुण गेल्यावर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसलेला तो माणूस अभिनय करत नव्हता, याची आपल्याला खात्री असते. कपड्यांच्या कंपनीला हवी असते ती ही खात्री. ती कारखान्यात तयार होत नाही, म्हणून भाड्यानं घ्यावी लागते. एकदा घेतली की तिच्या जोरावर काहीही खपतं. जिम पामर या बेसबॉलपटूनं 1970च्या दशकापासून जॉकीच्या चड्ड्यांची जाहिरात केली, बेकहॅमनं आधी अरमानीच्या आणि पुढे एच अँड एमच्या. चड्डीचा आणि फ्री किकचा संबंध काय, हे विचारायचं नसतं.

खेळाडूच्या बाजूनं मात्र हे प्रकरण गमतीदार आहे. 1974च्या फुटबॉल विश्वचषकात नेदरलँड्सच्या संघाला कपडे ॲडिडासचे होते, बाहीवर तीन पट्टे. योहान क्रायफ मात्र पुमाशी बांधलेला. तेव्हा अख्खा संघ तीन पट्ट्यांत आणि क्रायफ दोन पट्ट्यांत, असा तो खेळला. ॲडिडास आणि पुमा हे दासलर आडनावाच्या दोन सख्ख्या भावांनी भांडून वेगळे थाटलेले धंदे. म्हणजे तो गायब झालेला तिसरा पट्टा ही निव्वळ भाऊबंदकी होती, आणि ती जगानं टीव्हीवर पाहिली.

1992ला बार्सिलोनात अमेरिकेच्या बास्केटबॉल संघानं सुवर्णपदक जिंकलं. मंचावर चढताना घालायचा पोशाख रिबॉकचा होता आणि मायकल जॉर्डन 1984पासून नायकीचा. त्यानं खांद्यावरून राष्ट्रध्वज असा घेतला की रिबॉकचं नाव झाकलं जावं. बघणाऱ्या किती जणांचा ऊर देशप्रेमानं भरून आला असेल! ध्वजाखाली चार बोटं जागेचा तंटा चालू होता.

पण मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते फेडररनं. 2018च्या विम्बल्डनला तो युनिक्लोचे कपडे घालून कोर्टावर उतरला. वीसेक वर्षांचं नायकीशी असलेलं नातं संपलं होतं. युनिक्लो टेनिसचे बूट करत नसल्यामुळे पायांत मात्र नायकीच राहिले. कमरेवर एक मालक, घोट्याखाली दुसरा. आणि त्याच्या नावाची ती देखणी आद्याक्षरं, आरएफ, ती जुन्या मालकाकडेच राहिली. 2020मध्ये त्याच्याकडे आली. दरम्यान रॉजर फेडररला रॉजर फेडररची अक्षरं छातीवर लावता येत नव्हती. माझी आद्याक्षरं कुणी मागितली तर मी चहावर देऊन टाकीन, पण परत मिळायला दोन वर्षं लागतील असं सांगितलं तर जरा विचार करीन.

तेव्हा फेडररला सदतिसावं वर्ष पुरं व्हायला आलं होतं. निवृत्ती दिसू लागलेल्या माणसाला कपडेवाला का घेईल, असं तेव्हा मला वाटलं. आता कळतं. युनिक्लो रोजचे साधे कपडे विकतं, त्यांना सर्व्हिसचा वेग नको होता. त्यांना हवा होता सामना संपल्यावर खुर्चीत शांत बसलेला, केस नीट असलेला माणूस. शिवाय निवृत्त खेळाडूचा एक मोठा फायदा असतो: तो पुढच्या रविवारी हरत नाही.

नाव नाही तर आकडा तरी. जॉर्डनचा 23, रोनाल्डोचा सात. विराट कोहलीच्या पाठीवरच्या 18चे दोन तुकडे करून 'वनएट' नावाचे कपडे निघाले. पाठीवरच्या या आकड्यांची मला नेहमी मौज वाटते. छातीवरची खूण निदान खाली मान घालून बघता येते. पाठीवरचं नाव घालणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते मागच्या माणसासाठी असतं. एकदा ट्रायल रूममध्ये मी मान वळवून आरशात ते वाचायचा प्रयत्न केला होता. अक्षरं उलटी दिसली आणि मानेत उसण भरली. तसला खेळाडूसुद्धा ही दुखापत घेऊन दोन आठवडे बाहेर बसला असता.

माझ्या टी-शर्टची खूण आता सोलवटत चालली आहे. छापलेली होती, भरलेली नव्हती. दर धुण्यात एक पापुद्रा जातो. आधी टोक गेलं, मग मधलं वळण. ज्याला पाहून घेतला तो धावपटूही दरम्यान कंपनी बदलून गेला, आणि परवा एका फोटोत मला तो वेगळीच खूण लावून तसाच हवेत दिसला. कापड मात्र ठणठणीत आहे. शिवण उसवलेली नाही, गळा सैल पडलेला नाही. उद्याचा अग्रलेख बघू कसा निघतो.