तुम्ही विचारलंत म्हणून : एका घराने पाणी वाचवून काय होणार?

आमच्या सोसायटीच्या पाण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे एक प्रश्न मला नेहमी, आणि पाऊस लांबला की जवळजवळ रोज, विचारला जातो : धरणांतले एवढे पाणी उसाला जात असताना पुण्यातल्या एका घराने बादलीभर वाचवून काय होणार आहे? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा त्रागा असतो, पण प्रश्न रास्त आहे, आणि ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे काही त्याचे उत्तर नव्हे.

बादली वाचवून धरण भरत नाही, हे आधीच मान्य करतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याला पाणी देणारी चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात, एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३० कोटी लिटर, आणि याच साठ्यातून कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीलाही पाणी द्यावे लागते. या आकड्यांसमोर बादलीचा हिशेब मांडायला बसणे हास्यास्पद ठरेल. मात्र या हिशेबाची एक बाजू आपण सहसा पाहतच नाही, आणि ती म्हणजे वापरल्यानंतर त्या पाण्याचे काय होते.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. त्यातले साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे गृहीत धरूनच मलनिस्सारणाचे आराखडे आखले जातात. शेताला दिलेले पाणी पिकांतून हवेत जाते किंवा जमिनीत मुरते, तर घरात आलेले पाणी साबण, तेल आणि मैला सोबत घेऊन गटाराला लागते. शुद्धीकरण केंद्रे आहेत, परंतु शहराचे सगळे सांडपाणी त्यांतून जात नाही. उरलेले तसेच मुळा-मुठेत उतरते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे भीमेवर ११७ टीएमसी क्षमतेचे उजनी धरण आहे, ज्याचे पाणी सोलापूर शहर पिते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी उजनीच्या फुगवट्यावरच्या भिगवणला जाऊन तिथल्या हिरव्या पडलेल्या पाण्याबद्दल हळहळणाऱ्या पुणेकरांना मी एवढेच सांगतो की, त्यातले बरेचसे आपल्याच मोऱ्यांतून गेलेले आहे. म्हणून मी वाचवलेली बादली धरणाच्या खात्यात न मांडता नदीच्या खात्यात मांडतो : तेवढे सांडपाणी कमी झाले. शिवाय ते पाणी शुद्ध करण्याला आणि आमच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर चढवण्याला लागलेली वीजही वाचली, आणि ती सोसायटीच्या बिलात दिसते.

मग वाचवायचे कुठे? पाहुण्यांना अर्धाच पेला पाणी देण्याची मोहीम मला फारशी पटत नाही, कारण घरातला मोठा खर्च पेल्यात नसून संडासात आहे. जुन्या फ्लशची टाकी एका वेळेला दहा-बारा लिटर पाणी सोडते, तर दोन बटणांची टाकी गरजेप्रमाणे तीन किंवा सहा लिटर. चार माणसांनी दिवसातून प्रत्येकी पाच वेळा वापर केला, तर केवळ या बदलाने रोज शंभर लिटरहून अधिक पाणी वाचते. टाकी बदलणे परवडत नसेल, तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली झाकण घट्ट लावून जुन्या टाकीत ठेवावी, म्हणजे दर वेळेला तेवढे पाणी कमी जाते. त्याहीआधी टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश करू नये. संडासाच्या भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर टाकीचा वॉशर गेलेला आहे आणि ती रात्रंदिवस आवाज न करता गळते आहे, असे समजावे. टपकणारा नळ कानाला खटकतो म्हणून प्लंबरला बोलावले जाते, ही गळती मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी जागा स्वयंपाकघरात आहे. घरगुती आरओ यंत्र लिटरभर पाणी गाळताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि सह्याद्रीच्या पावसाचे हे धरणाचे पाणी त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यासाठी आरओ जरूर लावावा. महापालिकेच्या नळाला साधा फिल्टर आणि अतिनील दिवा पुरतो. ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे, त्यांनी निदान त्याचे बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घ्यावे. शॉवर, दात घासताना उघडा राहणारा नळ वगैरे गोष्टी शाळेतली मुलेही सांगतात, म्हणून त्या इथे लिहीत नाही.

उरला उसाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्यांकडून मागायचे असेल, तर हिवरे बाजारकडे पाहावे. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस नाकारला, आणि तिथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो. त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. आम्हा शहरवाल्यांची अडचण अशी की, आम्ही उसाचे पाणी मोजायला सांगतो आणि स्वतःच्या सदनिकेला मीटर बसवायचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला की खर्चाचे कारण पुढे करतो. आमच्याकडे आजही पाण्याचे बिल सर्वांना सारखे वाटले जाते, त्यामुळे काटकसर करणाऱ्या घराला आणि गळकी टाकी तशीच ठेवणाऱ्या घराला एकच रक्कम भरावी लागते. एका घराने काय होणार हा प्रश्न मुख्यतः याच वाटणीमुळे पडतो, असे माझे मत आहे. मीटरचा ठराव पुढच्या सभेत मी पुन्हा मांडणार आहे. तोवर खाण्याचा रंग ज्यांना हवा असेल, त्यांनी माझ्याकडून न्यावा.